टाकलेली पानं

खाण बंद झाली त्या हिवाळ्यात
ईलीत रात्रभर दोनच दिवे जळायचे :
एक इस्पितळाचा,
दुसरा आमच्या क्लबचा.
मी पत्ते वाटायचे, दहा ते सहा.
नेवाडाच्या कोरड्या थंडीनं बोटं चिरायची,
व्हॅसलीन लावावं तर पानं निसटतात,
म्हणून तशीच.

काय शिकलीस तिथं, मुलगी विचारते.
काय शिकणार?
हरणारा घसा खाकरतो.
जिंकणारा श्वास घ्यायला विसरतो.
जो चिप्स सारख्या खुळखुळवत बसतो
त्याची घरी कुणी वाट पाहत नसतं.
एवढ्यावर आयुष्य निघत नाही, बाई.

आन्सेल्मो एतचेवेरी यायचा गुरुवारी.
बास्क. चाळीस वर्षं मेंढ्यांमागे डोंगरात काढलेली,
कोटाला लोकरीचा, जुनिपरच्या धुराचा वास.
कॉफीत साखर चार चमचे,
शब्द त्याहून कमी.
दोन पानं मिळाली की कोपरे उचलून बघायचा
आणि बहुतेक वेळा सरकवून द्यायचा परत,
जशी नको असलेली भाजी ताटाच्या कडेला.
एकदा कुणाला तरी म्हणाला,
मध्ये ढिगात गेलेला पैसा तुझा नसतो,
त्याची काळजी करायला तू आता परका आहेस.
मला नव्हता म्हणाला.
पण मी ते उचललं,
टेबलाखाली घरंगळलेली चिप उचलावी तसं,
कुणाचं लक्ष नाही बघून.

मग तो फेब्रुवारी.
मिलो वुकासोविच, तेवीस वर्षांचा,
शेवटचा पगार वटवून थेट आलेला,
बायको सातव्या महिन्यात.
मी टेबलावर मांडली : बदाम राणी,
दोन सत्ते, एक तिरी, शेवटी राजा.
मिलोनं होतं नव्हतं ते पुढे ढकललं.
आणि घसा खाकरला.

म्हातारा बसून राहिला.
भिंतीवरचं घड्याळ, बर्फाचा ट्रक, कुणाची तरी शिंक.
त्यानं मिलोकडे नाही पाहिलं,
मिलोच्या बुटांकडे पाहिलं.
मग पानं माझ्याकडे भिरकावली, उपडी,
पण एक कडेवर उभं राहिलं, हललं,
आणि त्याच्याखालचंही मला दिसलं.
राणी. राणी.
मी दोन्ही ढिगात मिसळून टाकली.

दया होती का ती? की मोतीबिंदू?
की घाबरला खरंच, एका राजाला?
विचारता आलं असतं. विचारलं नाही.
पुढच्या गुरुवारी तो आला, चार चमचे साखर,
नि मी वाटत राहिले.

रॉयशी संसाराला तेव्हा अकरा वर्षं झालेली.
इतकं घातलंय, आता कशी उठू,
हे वाक्य मी रोज ऐकायचे
समोरच्या खुर्च्यांमधून,
नि सहा वाजता घरी नेऊन तेच पांघरायचे.
मार्चमध्ये उठले.
एक सूटकेस, मुलगी, शिलाई मशीन.
लोक म्हणाले, डाव मोडलास.
मी म्हटलं, नाही. पानं टाकली.
फरक आहे; पण तो समजावत बसले नाही.

तो नंतर सुधारला म्हणतात.
पीत नाही. रीनोला चर्चची बस चालवतो.
म्हणजे माझ्याही हातात तेव्हा
राण्याच होत्या की काय, कोण जाणे.
डाव संपला की खेळणारे हमखास विनवायचे,
पुढचं पान काय येणार होतं, दाखव ना, नुसतं दाखव!
आणि क्लबचा नियम होता : दाखवायचं नाही.
मला तेव्हा तो नियम दुष्ट वाटायचा.

मिलो आता टायर विकतो. तीन मुलं, पोट सुटलेलं.
कुठं भेटला की अजून तीच गोष्ट,
हात हवेत नाचवत :
नव्वी-पंजी होती माझ्याकडे, काही म्हणजे काही नव्हतं,
आणि मी त्या बेरकी म्हाताऱ्याला पळवून लावलं!
त्या रात्रीनं मला छाती दिली, म्हणतो.

मी ऐकते.
चिरलेली बोटं खिशात घालते.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
आणि ही तर
माझी मूठही नव्हे.