उरलेला चुना

पारोळ्यात, धुळे रोडला, जिनिंगच्या भिंतीवर
तीन पतंग जर्दा. लाल ऑइलपेंट, वीस फूट.
‘एक चिमूट, दिवस सारा.’
ते पुसायचा आदेश मीच टाइप केला,
जावक क्रमांक चारशे बारा.

झिपरू पेंटर सायकल टेकवून उभा.
‘भित जिनवालानी, शबद कंपनीना,
चुना नगरपालिकाना.
मंग मन्हं काय, भो?’
अक्षर तुझं, मी म्हटलं.
तो हसला नाही. वर बोट केलं फक्त,
‘जर्दा’वरच्या रफाराकडे.
शिडी हलत असताना एका दमात ओढलेला.
त्यावरच पहिला कुंचला फिरला.

हिलाल टपरीतून बाहेर आला.
जळगावच्या सिव्हिलला सांगितलंय त्याला,
तोंडात तीन बोटं गेली पाहिजेत.
त्याचं एकच जातं, तेही उभं नाही.
दातांतून गाळून आलं त्याचं वाक्य:
‘इकाले चालस, लिखाले नही?’
तीनदा विचारलं तेव्हा मला कळलं.
उत्तर मात्र
मला एकदाही आलं नाही.

मी बाजूने होतो, अजून आहे.
माझ्या थोरल्या भावाचा जबडा
टाटाला अर्धा ठेवून आलोय आम्ही.
तो पाटीवर लिहून पाणी मागायचा.

पण बादलीत अर्धा चुना उरला होता.
उरलेल्याचं काय करायचं, आदेशात नव्हतं.
शेजारी शाळेची भिंत,
तिच्यावर पोरांनी गेरूने लिहिलेलं:
आज बारावा दिवस. नळ कधी?
साहेब जीपमधूनच म्हणाले,
ओला आहे तोवर तेही उरकून घ्या.
कुंचला थांबला नाही.
मीही नाही.
त्याला जावक क्रमांक पडला नाही.

मे महिन्यात भिंती तापल्या, चुन्याला पोपडे आले.
आधी एक पतंग दिसला, मग ‘चिमूट’,
मग तो रफार, फिकट गुलाबी.
ऑइलपेंट कंपनीचा होता, पक्का.
हिलाल टपरीत बसून तळहातावर
अंगठ्याने चुना मळत बघत होता.

शाळेची भिंत पांढरीच.
गेरू चुन्यात विरघळून गेलाय.
जवळ गेलो तर कोपऱ्यात
एक अर्धा काना दिसतो,
की वीट आहे ती,
मला नीट सांगता येत नाही.