चालत आलेलं गाव

आमचं गाव मूळचं इथलं नाही.
चार मैल चालत आलंय ते,
अठराशे सत्त्याऐंशीच्या जानेवारीत,
नेब्रास्काची जमीन लोखंडासारखी वाजत होती तेव्हा.

आधी ते ओढ्याकाठी होतं.
म्हणून नाव नोवी ब्रोड. ब्रोड म्हणजे उतार,
पाण्यातून पलीकडे जायची जागा.
इथे पाणी नाही, पलीकडही नाही.
पाटीवर नाव मात्र तेच.

पहिली घरं मुळांसकट कापलेल्या गवताळ मातीची.
छतातून कधी साप पडे, थेट पिठात.
ल्युडमिला हाव्रानेक त्याला झाडूनं दाराबाहेर काढी
आणि पुन्हा कणीक मळायला बसे.
फळ्यांची घरं नंतर आली,
खिडक्यांना काचा त्याहून नंतर.

मग रेल्वेनं नकाशावर पट्टी ठेवली
आणि रेघ ओढली,
सरळ,
आम्हाला सोडून.
अर्ज गेले. शिष्टमंडळ गेलं.
साहेबाच्या बायकोसाठी हंसपिसांची दुलई गेली.
अर्ज तेवढे परत आले.

राव काही हलेना,
म्हणून गाव हललं.

कॉटनवुडचे ओंडके, चौतीस घोडे,
शेजारच्या जर्मनांचे उसने बैल.
आधी लोहारशाळा निघाली, मागून दुकान,
मग हाव्रानेकांचं घर, आणि घरात ल्युडमिला.
खाली उतरायला ती तयारच नव्हती.
चूल पेटती होती.
पांढऱ्या माळरानावरून धुराडं धूर सोडत निघालं
आणि तिसऱ्या मैलावर सूप शिजलं.
खिडकीतून तिनं सगळ्यांना वाढलं,
बैलवाल्या जर्मनांना जरा जास्त.

विहीर काही ओंडक्यांवर चढली नाही.
घटसर्पानं नेलेली सहा मुलंही तिथेच राहिली.

ती विहीर खणताना हातभर खाली
गारगोटीचं बाणाचं टोक सापडलं होतं,
पावनी लोकांचं.
त्यांनाही कोणीतरी हलवलंच होतं.
ओंडके न देता.

आता आम्ही चौऱ्याण्णव जण.
रूळ उखडून नेले त्यालाही चाळीस वर्षं झाली.
बँकेच्या इमारतीत संग्रहालय आहे, गुरुवारी उघडतं,
एरवी किल्ली माझ्याकडे.
पोस्ट बंद झाल्यावर एवढंच काम उरलंय मला.
येणाऱ्यांना मी डाव दाखवते, तो सुपाचा,
मग हाव्रानेकांच्या भिंतीतली
जमिनीपासून आढ्यापर्यंत गेलेली भेग.
चार पिढ्यांनी घर रंगवलं,
ती कोणी बुजवली नाही.
पोरं तीत बोट घालून विचारतात,
घर दुखत होतं का?

मागल्या सभेत विषय निघाला,
नवा महामार्ग सहा मैलांवरून जातोय.
कोणी काही बोलेना.
खसखशीचे कोलाचे फिरत होते, कॉफी निवत होती.
शेवटी वेंडेलिन श्क्रोबाक उठला, वय एक्याण्णव,
टोपी घातली आणि म्हणाला,
ओंडके माझ्या खळ्यात आहेत.
घोड्यांचं तुम्ही बघा.

मे महिन्यात आम्ही जुन्या जागी जातो,
मुलांच्या दगडांभोवतीचं गवत कापायला.
उतारावर पाणी घोट्याएवढं.
विहिरीवर लोखंडी झाकण आहे.
ते दोघांनी सरकवावं लागतं.
मी बादली सोडते.
दोर हातातून जात राहतो, जात राहतो,
आणि बराच वेळ
काही ऐकू येत नाही.