हे बरं की ते

मे महिन्यात, दुपारी साडेतीनला
इतवारीतला रस्ता उकळतो.
समोरच्या भांडेवाल्याची पाटी
दोरीवरच्या धोतरासारखी हलते,
आणि बाबा म्हणतात, बघ, तुझा शत्रू.

मी हवेशी भांडण्याचा पगार घेते
हे त्यांना मनापासून पटलंय.
डोंगरावरची दुर्बीण, आठ मीटरचा आरसा.
आरशात खोट नाही, ताऱ्यात तर नाहीच.
शेकडो वर्षं सरळ चालत आलेला उजेड
आमच्या उंबऱ्याशी येऊन ठेचकाळतो.
म्हणून आत आणखी एक आरसा, पातळ, लवणारा,
पाठीला त्याच्या हजारभर बोटं:
इथे ढकल, तिथे सोड,
केसाच्या शंभराव्या भागाइतकं,
सेकंदाला हजारदा.

"म्हणजे हे बरं की ते बरं, एवढंच नं?"
खोक्यातलं भिंग पुसत बाबा म्हणाले.
"मी चाळीस वर्षांपासून तेच विचारून राहिलो.
तुमचा आरसा घाई करते फक्त."

खुर्चीत पाचपावलीच्या सगुणाबाई धकाते,
नाकावर चाचणीची लोखंडी चौकट.
ग. ट. प. र.
पाचव्या ओळीवर त्या अडल्या.
"याचा अर्थ काय होते जी?"
"काहीच नाही, मावशी.
अर्थ असता तर तुम्ही अंदाजानं वाचलं असतं."

मला आमचा लेझरचा तारा आठवला.
जवळ ठळक तारा नसला की तो लावायचा,
नव्वद किलोमीटर वर,
जळून गेलेल्या उल्कांच्या सोडियमवर.
त्याचा फोटो कुणी जपत नाही.
तो फक्त वाचायचा,
हवेनं किती बिघडवलं ते कळायला.
"संत्र्याच्या रंगाचा?"
नाही बाबा. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांचा.

रात्री लाइट गेली. कूलर गप्प झाला.
गच्ची अजून तव्यासारखी.
दहाच्या सुमाराला ज्येष्ठा वर आली, लाल,
चुलीवरच्या दुधासारखी सारखी उतू जाणारी.
बाबांनी उजवा डोळा झाकला.
डाव्यात मोतीबिंदू; दोन वर्षं टाळतायत.
"दोन दिसून राहिले."

ते तुमच्या भिंगामुळे, मी म्हणाले.
मग राहवलं नाही.
खरं तर आहेत दोन.
लहानगा एक चिकटून आहे,
तिच्या झगमगाटात बुडालेला.
डोंगरावर आरसा जुळला की सुटा दिसतो.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत.
खाली कुणीतरी जनरेटरची दोरी ओढत होतं,
एकदा, दोनदा.

"म्हणजे मला बरोबरच दिसून राहिलं नं," ते म्हणाले,
"मंग ऑपरेशन काहून करू?"