एकतिसावा सेकंद

उद्यमनगरात, लेथच्या दुकानावर, आमची प्रयोगशाळा:
दोन खोल्या, सतरा टीव्ही, एक कुरकुरता कूलर
आणि दिवसभर जिन्यानं वर येणारा
तापल्या बिडाचा वास.

माझं काम सोयरीक जुळवायचं.
नवा डबा आणायचा, जुन्या यंत्रांच्या घोळक्यात सोडायचा
आणि बघायचं,
आपलं नाव सांगतो का,
दुसऱ्याचं नीट ऐकून घेतो का,
तुझ्याकडं गाणी किती, असं विचारल्यावर
खोटं बोलतो का.
छत्तीस गुणांवर भागत नाही इथं, दोनशे चाळीस लागतात.
एक हुकला की शिक्का नाही.

नेमिनाथ मगदूम तिसऱ्यांदा आले.
डबा टॉवेलात, टॉवेल पिशवीत,
पिशवी पोटाशी धरून दोन जिने चढलेले.
"मॅडम, आता काय बी राहिलं नसंल बगा."

नियम असा, की आधी पास झालेल्या
तीन यंत्रांशी बोलता आलं पाहिजे.
पहिला टीव्ही बोलला.
दुसऱ्यानं तर विचारायच्या आत चित्र लावलं,
जयसिंगपूरचं कुणाचं तरी बारसं,
बाळ सोडून सगळे कॅमेऱ्याकडं बघतायत.
तिसरा म्हणून मी कपाटातून काढला
काळा स्पीकर, जाड जाळीचा,
दोन वर्षांपूर्वी माझ्याच सहीनं पास झालेला.

नेमिनाथ गप्प झाले.
मी स्पीकर उलटा केला. बाहुबली मगदूम, गाळा तेरा अ.
"तुमचे कोण?"
"धाकटा. माझा तेरा, त्याचा तेरा अ.
मधी पत्रा ठोकलाय."

डब्यानं हाक दिली.
स्पीकर झोपेत.
दहा.
वीस.
पडद्यावरचं चाक गरगरत राहिलं,
खाली कुणीतरी घण घातला,
टेबलावरचे स्क्रू जागच्या जागी नाचले.
तिसाव्या सेकंदाला डब्यानं नाद सोडला
आणि एकतिसाव्याला
हिरवा दिवा लागला.
स्पीकर "हं" म्हणाला असावा.
ऐकायला पलीकडं कोणी नव्हतं.

पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच.

मी म्हटलं, यात तुमची चूक नाही.
जागेपणी पास झालेलं यंत्र हे,
झोपेतलं कुणी तपासलंच नव्हतं. मीसुद्धा.
तक्रार द्या, त्यांचा शिक्का थांबवते,
तुमचा मार्ग मोकळा.

त्यांनी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला.
पुसून झाल्यावरही पुसत राहिले.
"ल्हानपणी बी असाच. आई हाका मारून दमायची,
मी आपला शाळंला निघून जायचो.
ह्यो मागनं पळत यायचा,
एक चप्पल पायात, एक हातात."
मग एकदम:
"तीसच थांबायचं, आसं लिवलंय का पुस्तकात?"

मी पान काढलं.
निदान तीस, असं होतं.
निदान. इतकी वर्षं हा शब्द
मी नुसता ओलांडून जात होते.

तिथंच मांडीवर लॅपटॉप घेऊन
त्यांनी तीस खोडले, नव्वद घातले.
पुन्हा हाक.
या खेपेला डबा थांबला.
एकतिसाव्या सेकंदाला दिवा,
बत्तिसाव्याला चाचणीचा तो सपाट, बेसूर, लांबलचक सूर
खोलीभर.
नेमिनाथांनी तो शेवटपर्यंत ऐकला,
गाणं ऐकावं तसा नाही,
दूध उतू जाईल म्हणून बघत बसावं तसा.

नोंदी उतरवताना एक दिसलं.
निर्माता कोण, या ओळीत
दोन्ही यंत्रं एकच नाव सांगत होती:
धनपाल मगदूम आणि मुलं.
पत्रा ठोकून सहा वर्षं झाली,
ती ओळ दोघांपैकी कुणीच बदललेली नाही.
दोष म्हणून लिहावी का?
एकशे बारा पानं चाळली. तसा रकाना नाही.

शिक्का घेऊन ते गेले, टॉवेल इथंच विसरला.
आता बाहुबलींना कळवायला हवं,
की तुमचं यंत्र झोपेतून उठायला वेळ लावतं,
एकदा घेऊन या.
कागद पुढ्यात घेतलाय.
परवा लिहीन.