पाचवी कडी

दारुखान्यात संध्याकाळी लोखंडाचा वास जिभेवर बसतो.
मी जीप उभी केली, मागे ट्रेलर,
ट्रेलरवर बापाचा जनरेटर,
अकराशे किलो, डिझेल वेगळं.
हसन मुकादम हातातली वेल्डिंगची काच खाली करून म्हणाले,
"पोरी, हिचं बूड चिखलात नि नाक आभाळात."

खरंच होतं.
आदल्या रात्री हेडलाइट रस्ता सोडून
पहिल्या मजल्यावरच्या वाळत्या परकरांवर पडत होते.
वाशीच्या पुलावर खाडीचा वारा आडवा आला
आणि स्टिअरिंग हातात रिकाम्या सुपासारखं हलकं झालं.
ट्रेलर डुलायला लागला.
शेजारी बाबल्या
कुळाचा देव सोडून बाकी सगळ्यांना हाका मारत होता.
मी ब्रेक मारला नाही.
का, ते अजून सांगता येत नाही.
पाय काढला, इतकंच.

मुकादमांनी टेप शोधला नाही. वीत लावली,
चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंत,
ट्रेलर जोडण्याआधी, जोडल्यावर.
पुढे चार बोटं वर. मागे सहा बोटं खाली.
मडगार्डवर खडूच्या रेघा,
दाराच्या चौकटीवर पोरांची उंची मांडतात तशा.
मग घरातून बायकोचा गुलाबी वजनकाटा आला.
फळीच्या एका टोकाखाली काटा, दुसऱ्याखाली वीट,
मधोमध ट्रेलरचं नाक.
काटा म्हणाला नव्वद.
"म्हणजे एकशे ऐंशी. फळी अर्धंच सांगते."

"मग जनरेटर मागे सरकवू?"
"सरकव, नि पुलावर शेपटीनं कुत्रा हलताना बघ.
वजन बरोबर आहे गो.
फक्त एकाच जागी बसलंय."

बापाने वीस वर्षं
पुढच्या बंपरला वाळूची पोती बांधून भागवलं होतं.
हे त्यांना सांगितलं नाही.

स्प्रिंगच्या पोलादाच्या दोन पट्ट्या,
हुकापासून मागे, ट्रेलरच्या दांड्यांखाली,
टोकाला साखळ्या.
लांब पहारीने ओढत त्यांनी पाचवी कडी अडकवली
आणि जीपने हळूच मान खाली घातली.
पुढची चाकं आधीही जमिनीवरच होती.
पण आता ती ऐकत होती.
"दोन बोटं राहू दे वर. अगदी सरळ करायला जाऊ नकोस."
एक किलोही कुठे कमी झाला नव्हता.

पैसे घेतल्यावर त्यांनी पँट वर केली.
नडगीवर करंगळी मावेल अशी खाच.
"लावताना कोणी मरत नाही.
सोडताना आधी जॅकने नाक उचल, जीपसकट.
पट्टी सैल झाली की कडी काढ.
आणि बाजूला उभी राहा."

चेंबूरच्या मांडवात हळदीची माणसं खोळंबली होती.
पूर्ण रस्ताभर उजेड रस्त्यावरच पडला होता.
मी जॅक फिरवत होते.
बाबल्या म्हणाला, सोड की आता.
मी पट्टीवर नखाने टिचकी मारली.
अजून वाजत होती.