मूठ

ऑक्टोबर. माझगाव, तिसरा मजला,
अंगावरचं सुतीसुद्धा नकोसं होतं अशी दुपार,
आणि मी लोकरीची टोपी घालून उभी आहे,
पाठीवर सव्वातीन किलोची रिकामी सॅक.
रुचिर म्हणतो, पट्टे आवळ. मांडीतलासुद्धा.
तो राहिला तर बर्फ सॅक वर नेतो
आणि तू खाली राहतेस.

दोन सॅका आहेत, दोन्ही क्लबातून मागून आणलेल्या,
विकत घ्यायची एक.
पहिलीत गॅसची बाटली. एकदा ओढली की संपली.
पुन्हा भरायची तर दारूखान्यात मुस्तकीमभाईंकडे,
जे बोटींची आग विझवायची नळकांडी भरतात
आणि हे इवलंसं तळहातावर फिरवून म्हणाले होते,
"ताई, ह्यात तर स्टोव्हपण विझणार नाही."
शिवाय विमानतळावर दर खेपेला
कुणा पेंगुळलेल्या गणवेशापुढे
त्या बाटलीची वकिली करायची.
दुसरीत पंखा आणि बॅटरी.
जड, माझ्या दोन पगारांएवढी,
पण हवी तितक्यांदा फुगते.

फुगून होतं काय, मी विचारलं होतं पहिल्या दिवशी.
त्याने फळीवरची चिवड्याची बरणी काढली,
खडखड हलवली.
चुरा तळाला. शेंगदाणे वर.
"मोठं असतं ते वर येतं. बर्फ वाहायला लागला
की तू फक्त मोठी हो."
मला, जी लिफ्टमध्येसुद्धा अंग चोरून उभी राहते.

बरणी परत ठेवताना म्हणाला,
वाटेत झाड आलं, कडा आला, घळ आली
तर शेंगदाण्याचंही काही खरं नाही.
बीकन, फावडं, सळई, तिन्ही हवंच.
आणि उतार आवडला नाही तर परत फिरायचं,
सॅक आहे म्हणून उतरायचं नाही.

बरं. ओढ.
मूठ डाव्या खांद्यावर, ओढायची उजव्या हाताने.
उजवा हात जातो, मुठीला लागतो,
शाळेतल्या हुशार मुलासारखा.
"छान," रुचिर म्हणतो,
आणि न सांगता भिंतीला टेकवलेली गादी
अंगावर लोटतो.

हात गेला. डावा.
उजव्या खांद्यावर, जिथे काहीच नाही,
मुठीत नुसतं कुडत्याचं कापड.

पुन्हा गादी. पुन्हा डावा.

चौथ्या वर्षी आई मला पाटावर बसवून
हा हात परकराच्या नाडीत अडकवून ठेवायची.
वरणभात उजव्याने. अक्षर उजव्याने.
हळदीकुंकू, तीर्थ, बँकेतली सही,
सगळं उजव्याने, आणि सुरेख.
चव्वेचाळीस वर्षं तो मांडीवर गप्प बसला.
मला वाटलं, विसरला.

गॅसच्या सॅकेची मूठ जागच्या जागी शिवलेली.
पंख्याच्या सॅकेची उसवता येते,
दुसऱ्या खांद्यावर लावता येते.
वजन, किंमत, लिटर लिहून काढलेला कागद
रुचिरने घडी करून खिशात घातला
आणि दात लावून चेन उघडायला बसला.

मग गादी.

घरघर झाली, आणि मानेमागून
नारिंगी पोट सुटत गेलं दोन्ही कानांशी,
कॅलेंडर पडलं, टोपी डोळ्यांवर आली,
खालच्या शिरीनबाईंनी काठीने छत ठोकलं,
आणि मी कपाट नि फ्रिजच्या मध्ये
अडकून बसले, मोठी.

आई आतून आली. भिंत धरत.
आधी फुग्याकडे बघितलं, मग मुठीकडे,
मुठीभोवती अजून आवळलेल्या बोटांकडे.
"डाव्याने ओढलंस?"
हो.
वाकून तिने कॅलेंडर उचललं, झटकलं,
खिळा सापडेना म्हणून छातीशी धरून
खुर्चीवर बसली.
"परत ओढ," म्हणाली. "मी नीट बघितलं नाही."

हवा काढायला वेळ लागतो.
रुचिर आणि मी दोन बाजूंनी फुग्यावर बसलो.