तुएर्काची शेपटी

वाल्पाराइसोच्या टेकडीवर
एलेउतेरिओच्या मनगटावर चार लाल ठिपके.
"लाडात असते आणि मधेच डसते.
मांजर आहे की विंचू!"

शेजारची ओतिलिया आयोडीन लावते.
विचारते, पिल्लू होती तेव्हा
खेळवायचास कशाने हिला?

तो बोटं हलवून दाखवतो,
पांघरुणाखालून, उंदरासारखी.
दाखवता दाखवता थांबतो.

एकतीस वर्षं त्याने उतारावरची लिफ्ट चालवली,
पोलादी दोरावरची.
दोर तुटण्याआधी कुरकुरतो,
हे त्याला झोपेतही कळायचं.

आता तो तळहाताने ऐकतो:
पाठीची कातडी एकदा थरथरते,
शेपटीचं टोक, नुसतं टोक,
कान जरासे मागे.
ब्रेक.
हात हिसकायचा नाही;
पळेल ते सगळं तिच्या लेखी उंदीरच.
सैल सोडायचा, जड, कंटाळवाणा,
मग सावकाश काढून घ्यायचा.

दाराच्या कडीला सुतळी, सुतळीला बाटलीचं बूच.
दात रोवायचे ते तिथे,
असं दोघांचं ठरलंय.

मंगळवारी तरीही चावलीच.
"चूक माझी," तो ओतिलियाला म्हणाला,
"फुटबॉलचा स्कोअर ऐकत होतो."